कापसाआडची खिडकी

वरवट बकालच्या बस स्टॉपसमोर 'मलिहा मोबाईल' नावाचं एक दुकान आहे. दुकान म्हणायचं ते मालकाचं मन राखायला. एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा, त्यात काचेचं काउंटर, एक स्टूल आणि भिंतीवर लटकलेली चार्जरची वेटोळी. पण एसटीतून उतरणारं माणूस आधी तिकडे बघतं आणि मग घराची वाट धरतं, कारण आत रहेमतुल्ला बसलेले असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. गाव त्यांना रहेमतभाऊ म्हणतं.

रहेमतभाऊ जन्मानं पिंजारी. त्यांचे अब्बा पिंजण खांद्यावर टाकून जळगाव जामोदपर्यंतची खेडी फिरायचे, कापूस पिंजून गाद्या आणि रजया भरून द्यायचे. पिंजणाच्या तातेवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, लाकडी मोगरी पडली की गल्लीतली पोरं धावत यायची, आणि अब्बा संध्याकाळी घरी परतायचे ते भुवयांवर कापूस घेऊनच. पुढे फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजण माळ्यावर गेलं. रहेमतभाऊ रेडिओ दुरुस्ती शिकले, तर लोकांनी रेडिओ ऐकणं सोडलं. घड्याळं शिकले, तर लोकांनी घड्याळं काढून ठेवली. आपल्या नवऱ्यानं हात लावला की धंदा बसतो, असं शबानाभाभींचं ठाम मत आहे. मोबाईल तेवढा अजून टिकलाय, आणि भाभी त्याच्यावर लक्ष ठेवून आहेत.

आता मोबाईलमधलं खरं दुखणं म्हणजे नेट. आमच्याकडे 'नेट स्लो हाये' हे लोक 'कंबर दुखते' म्हटल्यासारखं म्हणतात. म्हणजे दुखणं खरं असतं, पण कुठून सुरू झालं ते सांगता येत नाही. रहेमतभाऊ वैद्यासारखे आधी विचारतात, कधीपासून? मग फोन उलटा करून त्याचं जाडजूड कव्हर काढतात. विमानाचं चिन्ह दाबून ठेवतात, थोडं थांबतात, पुन्हा सोडतात. सिमकार्ड बाहेर काढून शाळेतल्या खोडरबरनं त्याची पितळी बाजू घासतात. मागच्या मागे चालू राहिलेली ॲपं बंद करतात. एवढ्यावर निम्मे फोन सुधारतात. उरलेल्यांत बहुतेकांचा दिवसभराचा डेटाच संपलेला असतो. उकंडराव तर तीनदा फोन घेऊन भांडायला आले, आणि तिन्ही वेळा त्यांच्या नातवानं सकाळी चुलीवरचं पाणी तापायच्या आत सगळा डेटा गेममध्ये उडवलेला होता. रहेमतभाऊंनी नातवाचं नाव काही सांगितलं नाही. म्हणाले, "टावरातच पानी कमी हाये, काका." आणि उकंडरावांना ते पटलं.

असा हा माणूस. खोटं बोलतो, पण कुणाला मार बसू नये म्हणून.

त्या वर्षी, म्हणजे ज्या वर्षी भावाची वाट बघत घराघरांत कापूस छताला टेकला होता त्या वर्षी, जानेवारीत रुखमाबाई दुकानात आल्या. रुखमाबाई म्हणजे उत्तमरावांच्या मालकीणबाई. नवराबायको दोघंच गावात. मुलगा भागवत चाकणला कंपनीत. बीटी कापसाला अळी लागतच नाही असं सगळं जग सांगत होतं, आणि एका साली गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरून टाकली. तेव्हा भागवतनं उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या पिकात, रोटाव्हेटर घातला आणि बॅग भरली. तिकडेच पूनमशी लग्न झालं, मुलगी झाली. तिचं नाव ओवी. रुखमाबाईंनी नातीला एकदाच, तान्हेपणी मांडीवर घेतलं होतं. त्यानंतर जी काही नात होती ती या फोनमध्ये होती.

"रहेमतभाऊ, याचं काही तरी करा बाप्पा," रुखमाबाईंनी फोन काउंटरवर ठेवला. "पोरगं बोलते अन् थोबाड तसंच राह्यते. गोल गोल फिरते निस्तं."

"कधीपासून वो वयनी?"

"दिवाळी झाली तवापासून."

रहेमतभाऊंनी फोन हातात घेतला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तो असा सुरळीत चालला की विचारू नका. दवाखान्याची पायरी चढताच ताप उतरावा तशातली गत. बाजाराचे भाव झटकन उघडले, व्हिडिओ चालू झाला. रुखमाबाईंना स्वतःच्याच फोनची लाज वाटली.

"अठी बरा चालते मेला," त्या म्हणाल्या. "घरी गेला का बसते."

रहेमतभाऊंनी फोनचं पोट तपासलं, तर ते गळ्यापर्यंत भरलेलं. रोज सकाळी नातेवाइकांकडून आलेली शुभ सकाळची चित्रं. गुलाबाच्या फुलात गणपती, उगवत्या सूर्यात विठ्ठल, मंगळवारची देवी, गुरुवारचे गजानन महाराज. एकही पुसलेलं नव्हतं.

"वयनी, हे जरा कमी करा लागते. फोनले दम लागून राह्यला."

"काय म्हनता?" रुखमाबाईंनी पदर सावरला. "देवाले पुसू? मी? अन् तुमी पुसान तर ते आनखीन..." त्या मध्येच थांबल्या.

रहेमतभाऊ समजले. त्यांनाही ते बटण दाबायचं नव्हतंच. दुसऱ्याच्या देवाला आपल्या अंगठ्यानं पुसायचं म्हणजे काय, हे अलीकडच्या दिवसांत त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण भीती बाजूला ठेवली तरी ते त्यांच्या जिवाला बरं वाटत नव्हतं. ते थोडा वेळ खोडरबर बोटांत फिरवत बसले. मग म्हणाले, "आमच्यात कुरानशरीफचे पानं फाटले, तर कोनी कचऱ्यात टाकत नाई. वाहत्या पान्यात सोडतो. थंडे करतो म्हनतो आमी त्याले."

"मंग आमच्यातई नदीत शिरवतेच न," रुखमाबाई म्हणाल्या. "जुनी तसबीर का उकिरड्यावर फेकतो आमी?"

"मंग झालं तर."

त्यांनी एका जुन्या, कुणाच्याच कामाच्या नसलेल्या मेमरी कार्डावर सगळे देव उतरवून घेतले. नखाएवढं ते कार्ड रुखमाबाईंच्या तळहातावर ठेवलं. मग फोनमधली चित्रं पुसायला अंगठा त्यांचाच घेतला. रुखमाबाईंनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटल्या आणि बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी कार्डाला हळदकुंकू लावून, सोबत एक फूल बांधून त्यांनी ते नदीत सोडलं. तेहतीस कोटी देव एवढ्याशा जागेत मावतात हे त्यांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांची श्रद्धा वाढलीच.

नेट मात्र तसंच राहिलं.

आठवडा गेला आणि रुखमाबाई पुन्हा आल्या. या खेपेला त्या फोन काउंटरवर न ठेवता स्टुलावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसू लागल्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. रहेमतभाऊंनी चहा सांगितला.

"भाऊ, हसू नका," त्या म्हणाल्या.

"नाई हसत."

"पूनमच्या घरी तिच्या बाबाचा फोटो हाये. वारले ते. फोटोले हार हाये. पोरीले शिकवलं त्याईनं, रोज आंघोळ झाली का आजोबाले जय जय कर म्हनून. करते बिचारी, दोन्ही हात जोडते." त्या घुटका घ्यायला थांबल्या, पण चहा काही घेतला नाही. "अन् परवा मी फोन लावला. माह्यं थोबाड अडकलं असंन तिकडे. हालेना न बोलेना. तर पोरीनं मले पाह्यलं अन् हात जोडले."

रहेमतभाऊ हसले नाहीत.

"मले जय जय केलं तिनं. पूनम हसली, भागवत हसला. मी म्हनलं, मी जित्ती हावो न बे अजून! पन ते तिकडे आयकू गेलं नसंन. आता रोजच करते. मी दिसली का हात जोडते अन् खेलाले निंगून जाते. हार घालाचाच बाकी ठेवला पोरीनं मले." आणि मग त्यांना आवरलं नाही. "ती मले फोटो समजते हो, रहेमतभाऊ. मेलेली आजी समजते."

गावात दुःखं कमी नव्हती त्या वर्षी. कापसाचं होतं, पावसाचं होतं, लग्नं लांबलेल्या पोरांचं होतं. पण रहेमतभाऊंना त्या क्षणी याहून मोठं दुःख आठवेना. त्यांच्या मुलीचं, मलिहाचं, सासर बाळापूरला. बसमध्ये बसलं की दुपारपर्यंत तिच्या हातचा चहा. या बाईनं काय करायचं?

"अठी येत जा," ते म्हणाले. "दुकानातून लावून देत जाईन मी."

"अठी?" रुखमाबाईंनी रस्त्याकडे बघितलं. एसटी हॉर्न देत होती, पानटपरीवर चार टाळकी उभी होती. "अठी बसून मी पोरीशी लाडंलाडं बोलू? अन् मानूस? ते येतीन काय अठी?"

'मानूस' म्हणजे उत्तमराव. ते भागवतशी बोलत नव्हते. आदल्या साली त्यांनी कापूस लवकर विकला आणि मागाहून भाव असा चढला की ते महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत. म्हणून या साली शपथच घेतली, भाव चढल्याशिवाय बोंड हलवणार नाही. भाव उतरत गेला. भागवत फोनवर म्हणाला, बाबा, इकून टाका. उत्तमराव म्हणाले, तुले कापसातलं काय समजते? तू पऱ्हाटी सोडून पळाला. त्यानंतर दोघंही एकमेकांशी फोनवर बोलले नाहीत. पण रुखमाबाईंचा फोन चालू असला की हा गडी दाराआड उभा राहून सगळं ऐकायचा, आणि ओवी हसली की खोकायचा.

"मी येतो घरी," रहेमतभाऊ म्हणाले. "फोनमंधी काही नाई. तुमच्या घरात हाये जे काही हाये ते."

त्यांनी सांजेला दुकानाचं शटर ओढलं आणि उत्तमरावांचं घर गाठलं. उत्तमराव ओसरीवर बाजेवर बसले होते. मान हलवली, बस म्हणाले नाहीत. रहेमतभाऊ फोन डोळ्यांसमोर धरून घरभर फिरू लागले. ओसरीवर नेटवर्कची एक काडी, तीही येते-जाते. स्वयंपाकघरात तीही नाही. अंगणात शेजाऱ्याचं नवं दुमजली घर आडवं आलेलं. वर गच्चीवर जायला जिना नाही, शिडी आहे, आणि रुखमाबाईंचे गुडघे शिडीचं नाव काढलं तरी कुरकुरतात.

"अगुदर कुठी बसून बोलत व्हत्या तुमी?" त्यांनी विचारलं.

"बैठकीत, खिडकीपाशी. तठी जरा हवाबिवा येत व्हती..."

रुखमाबाई बोलता बोलता थांबल्या. तिघांनीही बैठकीच्या दाराकडे बघितलं.

बैठक आता बैठक राहिलीच नव्हती. दार उघडं होतं आणि दारातच कापूस उभा होता. जमिनीपासून छतापर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरा. दसऱ्यापासून वेचणी जशी घरात येत गेली तशी तिथली बाज बाहेर आली, टीव्ही स्वयंपाकघरात गेला, माणसं ओसरीवर झोपू लागली आणि रात्रभर अंग खाजवू लागली. रुखमाबाई मागं मागं सरकत आल्या होत्या, आणि आपण नेटापासून सरकतोय हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. खिडकी त्या ढिगाच्या पार पलीकडे होती. खिडकीबाहेर मोकळं वावर होतं आणि वावराच्या टोकाला टॉवर.

"कापूस हालनार नाई," उत्तमराव बाजेवरूनच म्हणाले.

"म्या कुठी म्हनलं हालवा?"

"मंग काय करतं?"

"रस्ता काढतो."

रहेमतभाऊंनी चपला काढल्या. बाहीची बटणं सोडली. उत्तमरावांकडे वळून म्हणाले, "परवानगी द्या दादा. पिंज्याचा हात हाये. एक बोंड खराब होनार नाई." उत्तमराव हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत एवढं खूप असतं.

रहेमतभाऊ भिंतीच्या कडेनं आत शिरले. किती वर्षांनी त्यांचे हात कापसात गेले होते. पण हातांना आठवत होतं. ओढायचा नाही, उचलायचा. दाबायचा तो तळव्यानं, बोटांनी नाही. ते काढत गेले, वरचा ढीग ढासळू नये म्हणून पाठीनं रेटत गेले, मागे सरकवत गेले. रुखमाबाई दारात बसून सरकलेला कापूस चादरीत भरत होत्या. आतून नुसत्या रहेमतभाऊंच्या शिंका ऐकू येत होत्या.

"अबे तिकून नको!" उत्तमराव एकदम ओरडले. ते केव्हा उठून दारात आले होते ते कुणालाच कळलं नाही. "तिकडे फरदड हाये. त्यात मिसळवू नको!"

फरदड म्हणजे शेवटच्या वेचणीचा हलका, किडकी बोंडं मिसळलेला कापूस. तो चांगल्यात मिसळला की व्यापारी सगळाच फरदडच्या भावानं मागतो. रहेमतभाऊ आतून म्हणाले, "मंग कुठून काढू, तुमीच सांगा."

"डाव्या अंगानं. अरे डाव्या! सरक, सरक तू."

आणि उत्तमराव धोतर खोचून आत शिरले. मग आतून दोन आवाज येऊ लागले. तू असा दाब. असा नाही दादा, असा. मले शिकवतं काय कापूस? तुमी पिकवला, आमी पिंजला. थोड्या वेळानं कडी वाजली, लाकूड करकरलं आणि त्या बिळातून गार वारा सरळ रुखमाबाईंच्या तोंडावर आला.

बीळ असं झालं होतं की गुडघ्यांवर रांगत जायचं आणि खिडकीपाशी जेमतेम दोघांनी टेकायचं. रुखमाबाई गुडघ्यांची सगळी तक्रार विसरून रांगत गेल्या. जागा एवढीच, म्हणून रहेमतभाऊ बाहेर आले. उत्तमराव वाटेतच, बिळाच्या पोटात आडवे पडून राहिले. बाहेर यायची त्यांना काही घाई दिसेना.

रहेमतभाऊ दारात उकिडवे बसले. आत फोन लागल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ भागवतचा स्वच्छ, जणू पलीकडच्या घरातून यावा असा आवाज.

"माय? कुठी हायेस तू? हे मांगं पांढरं काय हाये?"

"तुह्या बापाचा कापूस. ते राहू दे. पोरगी कुठी हाये?"

पूनमनं ओवीला उचलून समोर बसवलं असावं. "आजीला जय जय कर," असं तिनं काही म्हटलं नाही. पण पोरीनं आपण होऊनच हात जोडले असणार, कारण रुखमाबाई घाईघाईनं बोलल्या. "अगं माय, जोडू नको गं हात. मी हाये न. पाह्य, मी हालते. हे पाह्य."

मग काहीच ऐकू येईना. रहेमतभाऊंनी मान आत घातली. रुखमाबाईंनी शेजारच्या भिंतीतून कापसाचा एक पुंजका तोडला होता, तळहातावर ठेवला होता आणि फूंऽ केलं होतं. पुंजका उडून त्यांच्याच नाकावर बसला. त्या शिंकल्या.

आणि चाकणमध्ये ती पोरगी खळखळून हसली.

रुखमाबाईंनी पुन्हा पुंजका तोडला. उत्तमरावांचा चांगला, पहिल्या वेचणीचा कापूस उडत राहिला आणि उत्तमरावांनी चकार शब्द काढला नाही. ओवी प्रत्येक फुंकरीची वाट बघत होती. रुखमाबाई मुद्दाम उशीर करायच्या, गाल फुगवायच्या, डोळे मोठे करायच्या, आणि ती तिकडून "आजी, फू! आजी, फू!" म्हणून ओरडायची. फोटोला असं कुणी हुकूम सोडत नाही. रहेमतभाऊंना डोळे पुसावे लागले. कापसानं चुरचुरत होते असं त्यांनी पुढे शबानाभाभींना सांगितलं.

"बाबा हायेत काय?" भागवतनं विचारलं. बिळात जरा हालचाल झाली. उत्तमरावांनी खोकून आपण असल्याचं सांगितलं. "कापूस इकला नाई अजून, बाबा?"

"खिडकीपुरता हालवला," उत्तमराव म्हणाले.

तेवढ्यात पूनम म्हणाली की पोरीची जेवायची वेळ झाली, ठेवते. आणि ओवीनं भोकाड पसरलं. असं भोकाड, की बिळातून ते थेट ओसरीपर्यंत आलं. आजी पाहिजे, फू पाहिजे. पूनम समजावत होती, पोरगी ऐकत नव्हती, आणि त्या रडण्यातच फोन बंद झाला.

रुखमाबाई उत्तमरावांना ओलांडून कशाबशा बाहेर आल्या. केसांत कापूस, चेहरा ओला. त्यांनी रहेमतभाऊंचा दंड धरला.

"आयकलं न भाऊ? रडली. माह्यासाठी रडली."

"हाव वयनी. आयकलं."

"लय रडली न?"

"लय."

त्या ओसरीवर जाऊन बसल्या आणि पदरात तोंड घालून मनसोक्त हसल्या. उत्तमराव अजून आलेच नव्हते. रहेमतभाऊंनी वाकून बघितलं. म्हातारा खिडकीपाशी सरकला होता. फोन त्यांच्या हातात होता आणि ते त्याच्या काळ्या काचेकडे बघत, एका बोटानं ती इथे तिथे दाबत होते.

"रहेमत," आतून हळूच आवाज आला, "हे पुन्हा लागते काय रे?"

रहेमतभाऊ पुन्हा रांगत आत गेले.